मातेला पूर्ण माहिती हवी

नांदेडहून आलेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडमार्गे नागपूरकडे. कोणती वाट कोठे जाते हे ठाऊक असलेला प्रवासीच येथे निर्धास्त असतो. कुटुंबनियोजनाच्या वाटेवर मात्र या परिसरातीलच नव्हे, तर देशभरातील असंख्य मातांना दुसऱ्यांनी निवडलेल्या गाडीत बसवले जाते.

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. १९५२ मध्ये भारताने जगात सर्वप्रथम कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. साधनांची नावे आज खेडोपाडी पोहोचली आहेत. परिणामांचे ज्ञान मात्र पोहोचलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, साधने वापरणाऱ्या महिलांपैकी ६२.४ टक्के जणींनाच दुष्परिणामांची कल्पना देण्यात आली होती. उरलेल्यांचे काय?

तांबी बसविल्यावर प्रारंभी पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असताना हे आधीच सांगावयास नको काय? दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या ‘अंतरा’ इंजेक्शनाने पाळी अनियमित होते, अनेकदा थांबतेही. ते बंद केल्यावर गर्भधारणेस काही महिने विलंब होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या योग्य नसतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी तिला चालते. एवढे ठाऊक नसले की पाळी चुकताच घबराट होते, साधन सुटते आणि नको असताना दिवस जातात.

शस्त्रक्रियेचा भारही तिच्याच माथी. त्याच सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्का आढळले. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असते. २०१४ मध्ये छत्तीसगढमधील बिलासपूर येथे नसबंदी शिबिरानंतर अनेक महिलांनी प्राण गमावले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. उद्दिष्टाचा आकडा माणसापेक्षा मोठा झाला की काय घडते, याचा हा धडा आहे.

मातेला देवी म्हणून वंदन करणाऱ्या समाजाने तिच्या प्रकृतीविषयी मौन बाळगणे शोभत नाही. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाच्या निमित्ताने, आशाताई वा परिचारिकेला बोलावून हा विषय निःसंकोच मांडता येईल. त्या चर्चेत सासूबाई असाव्यात आणि घरी पतीनेही ती ऐकावी. निर्णय दोघांचा असला, तरी देह तिचा आहे. म्हणून पहिला शब्द तिचाच असला पाहिजे.