बी कोणाचं, बाजार कोणाचा?

मार्गशीर्ष लागला की आमच्या गटाच्या बैठकीत पुढच्या वर्षीच्या परसबागेचा विषय निघतो. आम्ही सातजणी. जुन्नर तालुक्यातल्या एका लहान गावात राहणाऱ्या. कोणाची गुंठाभर, कोणाची त्याहूनही कमी जागा घरामागे आहे. न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला जातं, मांडवावर दोडका, दुधी, कारली चढतात, कुंपणाला पावटा आणि घेवडा. बैठकीत कोणी काय लावायचं, मेथी-कोथिंबीर किती दिवसांच्या अंतराने टाकायची म्हणजे एकदम सगळी काढायला येणार नाही, श्रावणात सगळ्यांचाच दोडका बाजारात येतो तेव्हा आपण काय न्यायचं, असं सगळं ठरतं. यंदा मात्र बैठक तिथवर पोचलीच नाही. पहिल्याच प्रश्नावर अडली. बी कोणाकडे किती आहे?

दुधीचं बी सातजणींत मिळून अकरा निघालं.

हे कसं झालं ते सांगते, कारण त्यात आमचीही चूक आहे. आमच्याकडचा गावरान दुधी आखूड मानेचा, बुटका, फिक्या रंगाचा. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून तो या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी शहरातून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. ‘गावरान भाजी द्या, जास्त भाव देतो,’ म्हणाले. आठवडे बाजारात मिळतो त्याच्या दीडपट भाव त्यांनी दिला, हे खरं आहे. आम्ही हरखून गेलो. दर आठवड्याला फोन यायचा, अजून हवं म्हणून. वेलाची पहिली, भरदार फळं आम्ही उतरवून देत गेलो. बियासाठी ठेवायची ती फळं नेमकी हीच असतात. वेल जोमात असताना धरलेलं, चांगलं फळ खूण करून वेलावरच वाळू द्यायचं, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? पण एक फळ बियाला ठेवलं की वेल पुढची फळं कमी धरतो, आणि शेवटी ठेवू या, म्हणत आम्ही शेवटची बारकी फळं ठेवली. परतीच्या पावसात ती वेलावरच कुजली.

पलीकडच्या वाडीतल्या एका आजींनी आम्हाला मूठभर बी दिलं म्हणून वाण वाचलं. त्यांनी कोणालाच दुधी विकला नव्हता. राखेत मिसळून, मडक्यात घालून, तोंड शेणामातीने लिंपून ठेवलेलं बी त्यांनी काढून दिलं आणि म्हणाल्या, ‘ग बाई, विकायचं तर विका, पण आधी उद्याचं बघा.’

बाजारात ‘गावरान’ या शब्दाला भाव आला आहे. त्यात वाईट काही नाही. पण ज्या बाजाराला गावरान हवं आहे तो बाजार बियासाठी राखलेल्या फळाचे पैसे देत नाही. संकरित वाणाची भाजी पिकवणाऱ्याला दरवर्षी दुकानातून पुडी आणावी लागते. संकरिताचं बी धरून पुन्हा लावलं तर तसंच पीक येत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. तो पुडीचे पैसे खर्चात धरतो. आपण बी घरी धरतो, म्हणून ते फुकट, असं समजलं जातं. पण त्या बियामागे राखलेली फळं असतात, उन्हात सुकवणं, पाखडणं, टोके लागू नयेत म्हणून बघत राहणं असतं. शेजारच्या मळ्यातला संकरित दुधी मधमाश्यांमुळे आपल्या वेलाशी मिसळू नये, म्हणून दिवसा मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवायची, तिन्हीसांजेला पांढरं फूल उमलायच्या वेळी आपल्याच वेलाचा नर आणून परागीकरण करायचं आणि पुन्हा बांधायचं. हे काम कोण करतं? सैपाक आणि जनावरांचं पाणी यांच्या मधल्या वेळात बाई करते.

गेल्या हंगामात मी एक वही घातली होती. आषाढापासून कार्तिकापर्यंत माझ्या एक गुंठ्यातून ९,४०० रुपयांची भाजी विकली गेली. मांडवाचा बांबू, तार, भाडं मिळून खर्च १,१५० रुपये. आणि माझे तास लिहिले ते ३१२. म्हणजे हिशेबाला तासाला साडेसव्वीस रुपयांच्या आसपास पडले. दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेले असते तर याहून जास्त हातात आलं असतं. आणि यात सासूबाईंचे तास मी धरलेलेच नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘माझं कसलं काम, मी आपली बसून बी निवडते.’

दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. बाजारात आता सगळे फोनवरून पैसे देतात. आमच्या पाटीवर जो क्यूआर कोड चिकटवला होता तो माझ्या नवऱ्याच्या खात्याचा. कोणी मुद्दाम केलं असं नाही. घरात फोन चांगला तोच होता. पण ९,४०० पैकी रोख आलेले दोनएक हजार सोडले तर बाकीचे पैसे मी पाहिलेच नाहीत. ते खताच्या उधारीत गेले. उधारी घरचीच होती, मान्य आहे. पण ती फेडायची की नाही, हे मला कोणी विचारलं नाही. चळवळीतल्या माझ्यासारखीच्या घरात हे झालं!

आता मैत्रिणींनो, आपल्यातल्याच काही जणींचा आक्षेप मला माहीत आहे. परसबाग, पापड, लोणची असल्या उद्योगांनी बाई परत घराच्या मागच्या दारी जाऊन बसते, तिचं राबणं वाढतं, आणि जमिनीच्या हक्काचा खरा प्रश्न बाजूला पडतो. हा आक्षेप मी पूर्वी स्वतः शिबिरांतून मांडला आहे, आणि वरचा हिशेब पाहिला तर तो चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. तरीही मी म्हणते, परसबाग सोडू नका आणि विक्रीही सोडू नका. त्या दोन्हींतून हक्काचा प्रश्न उभा करता येतो.

‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ हा आपण वाचायला हवा. शेतकरी कोण, याची व्याख्या त्यात आहे. स्वतः जमीन कसणारा शेतकरी. दुसऱ्याकडून आपल्या देखरेखीखाली कसून घेणाराही शेतकरी. आणि तिसरा, पारंपरिक वाण एकट्याने किंवा इतरांबरोबर जतन करणारा, गुण ओळखून, निवड करून त्याचं मोल वाढवणारा, तोही शेतकरी. सातबाऱ्यावर नाव असलं पाहिजे, अशी अट या व्याख्येत नाही. म्हणजे ‘बसून बी निवडते’ म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई कायद्याने शेतकरी आहेत. याच कायद्याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही, एवढंच बंधन. २०१९ साली गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने आपल्या वाणावरून दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार पुढे आला आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले.

अर्थात या व्याख्येने बँक कर्ज देत नाही. तिथे सातबाराच मागतात. २०१५-१६च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांची होती. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, २००५ साली देशभर आला. आणि २००९ साली मी स्वतः भावांना हक्कसोड लिहून दिलं. साडी नेसले, जेवले, सही केली. माहेरहून मी जमीन आणली नाही. आईने ओटीत पावट्याचं बी घातलं होतं, ते आणलं. आज कुंपणावर आहे तो तोच पावटा. सासरची जमीन नवऱ्याच्या नावावर, ती त्याच्या हयातीत माझी नाही. मग माझं म्हणून काय, तर हे बी. तेसुद्धा भावाच्या मोहाने मी जवळजवळ घालवलं होतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. गावरान वाणांची त्यांनी जी बँक उभी केली तिचा तो मान होता. पण त्यानंतर गावोगावच्या भाषणांतून ‘आपल्या माताभगिनींनी बियाणं जपलं’ असं सुरू झालं. माता म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही! संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलं. अशा वर्षांत सत्कार पुष्कळ होतात. नारळ-शाल घेताना आपण हिशेबाची वहीही पुढे करायला शिकलं पाहिजे.

म्हणून यंदा आमच्या बैठकीत लावणीच्या आधी चार गोष्टी ठरल्या. प्रत्येक वाणाचे दोन वेल बियाचे. त्यांना लाल चिंधी बांधायची आणि कितीही भाव आला तरी त्यांचं फळ उतरवायचं नाही. एकच वाण निदान तिघींच्या घरी ठेवायचं, म्हणजे एकीचं गेलं तर दुसरीकडे मिळेल. त्यानंतर घरची ताटं, आणि त्यात बाईचंही ताट धरायचं, उरलंसुरलं नव्हे. उरेल ते बाजारात. भाव सातजणींनी मिळून ठरवायचा, त्यात बियाच्या फळांचा आणि तासांचा खर्च धरायचा. त्या भावाला गाडीवाले गृहस्थ तयार नसतील तर आठवडे बाजार आहेच. फळं आणि भाजीपाला २०१६ साली राज्यात बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, आपल्याला थेट विकायला कोणाची आडकाठी नाही. चौथी गोष्ट, पाटीवरचा कोड जिची भाजी तिच्या खात्याचा.

चौथ्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ गेला. दोघीजणी म्हणाल्या, घरात भांडण होईल. होईल. माझ्याकडे झालं. तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, ‘मग खताच्या उधारीचं काय?’ मी वही पुढे ठेवली आणि म्हटलं, ‘बसा, दोघं मिळून बघू.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरचा हिशेब आम्ही दोघांनी एकत्र बसून पहिल्यांदाच केला. मजुरीच्या तासांचा रकाना पाहून तो गप्प झाला. बागेला पाणी घालायचं काम आता तो करतो. रोज नाही, पण करतो.

हक्कसोडीचं काय, हा प्रश्न मला अजून टोचतो. सही करून झाली. पण माझ्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे की बी आईकडून घेऊन जा आणि जमिनीच्या कागदावर सही करायच्या आधी माझ्याकडे ये.

तुमच्या गटात परसातली भाजी विकली जाते का? पैसे कोणाच्या हातात पडतात? एक हंगाम वही घालून पाहा आणि काय दिसलं ते लिहून कळवा. आणि आखूड मानेचा दुधी कोणाकडे असेल तर चार बिया पाकिटात घालून जरूर पाठवा. आमच्याकडचा पावटा आम्ही बदल्यात पाठवू.