दाढ दुखेपर्यंत का थांबायचे?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ही मोठीच सोय आहे. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दात भरणे, रूट कॅनल असे खर्च त्यात बसत नाहीत. म्हणजे आपल्या घरातील आजी-आजोबांच्या दातांचा खर्च आजही आपल्याच खिशातून जातो. म्हणूनच कीड लवकर सापडणे हा प्रश्न आरोग्याचा आहे, तसाच पैशाचाही.

वय वाढले की हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर वरच्या भागासारखे टणक कवच नसते, त्यामुळे तिथे कीड लवकर लागते. रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरील काही औषधांनी लाळ कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण घटते. ही कीड बराच काळ दुखत नाही. दुखू लागते तेव्हा ती बहुधा आत पोचलेली असते.

आता प्रकाशाच्या साहाय्याने कीड शोधणारी साधने आली आहेत. तत्त्व सोपे आहे. कवचातील क्षार निघून गेले की त्या जागी प्रकाश वेगळ्या रीतीने विखुरतो. अवरक्त प्रकाश निरोगी कवचातून सहज आरपार जातो आणि किडलेली जागा गडद दिसते. डायग्नोडेंटसारखे साधन दातावर लाल लेसर टाकते. जिवाणूंनी तयार केलेले पदार्थ त्यात चमकतात आणि साधन त्याचा आकडा दाखवते. डोळ्याच्या पडद्यासाठी आपण जी ओसीटी तपासणी करतो, तिचाही दातांसाठी अभ्यास चालू आहे. या सगळ्यांत क्ष-किरण लागत नाहीत.

बँकेत आम्ही खाते बुडीत होण्याची वाट पाहत नसू. हप्ता ३० दिवस थकला तरी ते खाते वेगळ्या यादीत जाई. दातांचेही तसेच आहे. पण यादीत नाव आले म्हणजे खाते बुडालेच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. मशेरी, तंबाखू, चहाचे डाग किंवा दातांवर साचलेला चुना यांमुळे हे आकडे फसवू शकतात. खान्देशातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत मशेरीची सवय जुनी आहे, म्हणून हा मुद्दा आपल्याला विशेष लागू पडतो. कोक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही या साधनांबद्दल आशा दिसली, पण पुरावा अजून कमी खात्रीचा असल्याचे म्हटले होते.

तेव्हा आमचे मत असे. नुसत्या यंत्राच्या आकड्यावर दात कोरायला होकार देऊ नये. आधी दात साफ करून घ्यावेत, डॉक्टरांनी डोळ्यांनी तपासावे, गरज असल्यास क्ष-किरण काढावा. मग तीन प्रश्न विचारावेत : कीड कवचापुरती आहे की आत गेली आहे? ती औषधाने थांबेल का? काही महिने थांबून पुन्हा पाहिले तर चालेल का? सुरुवातीची कीड फ्लोराइडने थांबू शकते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे न कोरता लावायचे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याने किडलेली जागा काळी पडते, हे आधी माहीत असावे.

पर्वत पाटियातील घरांत शुगर आणि बीपीची तपासणी आता नित्याची झाली आहे. त्यात वर्षातून एकदा दातांची तपासणीही जोडावी. आपल्या मंडळाच्या पुढच्या आरोग्य शिबिरात दंतवैद्यांसाठी एक टेबल ठेवावे. त्यासाठी महागडे यंत्र लागणार नाही. चांगला उजेड, छोटा आरसा आणि अनुभवी नजर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.