विश्लेषण : मुंबई ते लांजा ई-कारने यायचे, तर बॅटरीतला कॅथोड का महत्त्वाचा?

गणपतीला गावी इलेक्ट्रिक कारने यायचे का, हा प्रश्न लांज्यातल्या चाकरमान्यांच्या घरांतही आता निघू लागला आहे. मुंबईहून अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, वाटेत घाट, एकदा तरी फास्ट चार्जिंग. राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे चार्जरचा प्रश्न आज ना उद्या सुटेल. पण कर्ज काढून घेतलेली गाडी सात-आठ वर्षांनीही तेवढीच पळेल का आणि सुरक्षित राहील का, हे बरेचसे बॅटरीतल्या कॅथोडवर ठरते.

कॅथोड नेमका करतो काय?

लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला बहुतेक वेळा ग्राफाइटचा ॲनोड असतो, दुसऱ्या बाजूला कॅथोड. चार्जिंग करताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ग्राफाइटमध्ये जातात, गाडी चालताना परत येतात. जांभ्याच्या भिंतीतले काही चिरे रोज काढून पुन्हा बसवावेत, तसा हा प्रकार. जास्त चिरे काढले तर उरलेली भिंत खचते. जॉन गुडइनफ यांच्या चमूने १९८०मध्ये शोधलेल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये हीच अडचण होती. त्यातले जेमतेम निम्मे लिथियम बाहेर काढता येते, त्यापुढे रचना बिघडू लागते.

‘एनएमसी’ आणि ‘एलएफपी’मध्ये फरक काय?

एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे मिश्रण. निकेल वाढवले की तेवढ्याच वजनात जास्त रेंज मिळते, म्हणून कंपन्यांचा ओढा तिकडे. मात्र निकेल जास्त असलेला कॅथोड पूर्ण चार्ज झाला की त्याचे थर एकदम आकसतात, कणांना तडे जातात. तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरतो आणि नको त्या रासायनिक क्रिया सुरू होतात. काही निकेल लिथियमच्या रिकाम्या जागांत जाऊन बसते आणि लिथियमची वाट अडते. रेंज हळूहळू घटते ती अशी.

तापमान फार वाढले तर हाच कॅथोड ऑक्सिजन सोडतो. इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील, त्यात आतूनच ऑक्सिजन मिळालेला. त्यामुळे अशी आग विझवणे कठीण जाते. ढोबळमानाने कोबाल्ट ऑक्साइडचा सेल १५० अंशांच्या, एनएमसीचा २१० अंशांच्या, तर एलएफपीचा २७० अंश सेल्सिअसच्या आसपास अनियंत्रित तापू लागतो.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, अक्षय पाढी आणि गुडइनफ यांनी १९९७मध्ये पुढे आणले. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. कोबाल्ट नाही, निकेल नाही, त्यामुळे स्वस्तही. पण सेलचा व्होल्टेज सुमारे ३.२, एनएमसीचा ३.६ ते ३.७. तेवढ्याच रेंजसाठी पॅक जड होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-कारमध्ये आता एलएफपी असते, तर अनेक ई-स्कूटरमध्ये एनएमसी.

मग आगी फक्त कॅथोडमुळे लागतात का?

नाही. ठिणगी बहुधा सेलमधल्या शॉर्टसर्किटची, सदोष जोडणीची किंवा बिघडलेल्या नियंत्रण यंत्रणेची असते. ती किती भडकते, यात कॅथोडचा वाटा मोठा. मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी ई-स्कूटर पेटली. देशात इतरत्रही अशा घटना घडल्यानंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचे ‘एआयएस-१५६’ मानक कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत नवे नियम आले.

कोकणातला पाऊस कॅथोड बिघडवतो, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. निकेलयुक्त कॅथोडला हवेतली आर्द्रता खरोखरच सोसत नाही, पण ती कारखान्यात, सेल बंद होण्याआधी. म्हणून सेल कोरड्या खोल्यांत बनवतात. सीलबंद पॅकला खरा त्रास उष्णतेचा. एनएमसीची गाडी शंभर टक्के चार्ज करून मे महिन्यात अंगणात चार दिवस उन्हात ठेवणे वाईट. रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा, असा सल्ला त्यासाठीच दिला जातो. एलएफपीला मात्र अनेक कंपन्या अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगतात. म्हणून शोरूममध्ये रेंजआधी रसायन विचारावे, आणि वॉरंटीत किती टक्के क्षमतेची हमी आहे तेही.

स्थिरता वाढवता येते का?

येते, पण जादू नाही. कणांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप दिला की इलेक्ट्रोलाइटचा थेट संपर्क कमी होतो. रचनेत थोडे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा झिर्कोनियम मिसळले की थर टिकून राहतात. अनेक बारीक कणांच्या गोळ्याऐवजी एकसंध स्फटिक वापरला तर तडे कमी जातात. प्रत्येक उपायाने खर्च वाढतो किंवा चार्जिंगचा वेग थोडा कमी होऊ शकतो. ‘क्रांतिकारी बॅटरी’च्या बातम्यांत हा भाग सहसा नसतो.

त्यामानाने एलएफपीचा मार्ग सोपा, पण त्याची किल्ली चीनकडे आहे. जगातले बहुतांश एलएफपी कॅथोड तिथेच बनते. चीनने १५ जुलै २०२५ रोजी हे कॅथोड बनवण्याचे तंत्रज्ञान निर्यात-निर्बंधांच्या यादीत टाकले. तयार मालावर ही बंदी नाही. त्यामुळे गाड्या लगेच महागतील असे नाही, पण भारतात कॅथोडचा कारखाना काढणाऱ्याला चिनी तंत्रज्ञान घेणे अवघड झाले. पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर पुणेसोबत विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केले. त्यात लिथियम लागत नाही. मात्र सोडियमचे आयन आकाराने मोठे असल्याने त्यांना सामावून घेणारा टिकाऊ कॅथोड तिथेही लागतोच.