चालू घडामोडींची वही

विषय साधाच आहे, रोजच्या बातम्या.

माझा भाचा राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो आहे. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐकायच्या, अभ्यासिकेत जाऊन दोन-तीन पेपर चाळायचे आणि दिवसभराचं सार दोनशे पानी वहीत उतरवायचं, हा त्याचा नेम. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने : राजकीय, परराष्ट्र धोरण, आरोग्य. (क्रीडा आणि पुरस्कार मागच्या बाजूने, वही उलटी धरून!) परवा त्याच्या जुन्या वह्या घेऊन बसलो आणि दोन तास कसे गेले कळलं नाही. पोराची मेहनत खरंच कौतुकाची आहे. पण ते तीन रकाने माझ्या डोक्यात जाऊन बसलेत, आणि आज त्यांच्याशीच भांडायचं आहे.

रकाने दिल्ली-मुंबईच्या सोयीचे आहेत. तिथे परराष्ट्र खातं वेगळं, आरोग्य खातं वेगळं, त्या त्या खात्याचा वार्ताहर वेगळा. आमच्या मूलला बातमी पोचते तेव्हा ती अशी वाटून येत नाही. बरेचदा ज्या रकान्यात लिहिली गेली त्या रकान्यातून ती येतच नाही.

अगदी जुनं उदाहरण घ्या, तेही आमच्याच तालुक्यातलं. मारोड्याचे मारोतराव कन्नमवार. बाहेरगावी वाढलेल्या आमच्या भाचरा-पुतण्यांसाठी सांगतो : महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. तरुणपणी त्यांनी वर्तमानपत्रं विकली, असं इथले जुने लोक अभिमानाने सांगतात. तर ते मुख्यमंत्री झाले कसे? ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं, नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं, आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीवर २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवार बसले. लडाख आणि नेफामधल्या लढाईने मूल तालुक्याला मुख्यमंत्री दिला! पुढे वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ला, पदावर असतानाच ते गेले. केनेडींची हत्या होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्या आठवड्याचं पान भाच्याने कसं आखलं असतं कोण जाणे.

ते सोडा, इतिहास झाला. आता धानाचं बघा.

मूल, सावली, सिंदेवाही हा सगळा धानाचा पट्टा. राइस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आम्ही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून एचएमटी धान तयार केलं, ते देशभर गेलं. (दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायचं आहे, बरेच दिवस राहून जातंय.) भाच्याच्या २०२३च्या वहीत परराष्ट्र रकान्यात १७ जुलैची नोंद आहे : काळ्या समुद्रातून युक्रेनचं धान्य बाहेर नेऊ देणाऱ्या करारातून रशिया बाहेर पडला. तीन दिवसांनी, २० जुलैला, दुसरी नोंद : बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर भारताची बंदी. ही राजकीय रकान्यात, कारण केंद्र सरकारचा निर्णय! जगात जेवढा तांदूळ निर्यात होतो त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास एकट्या भारताचा, त्यामुळे बाहेर गहजब झाला. इकडे त्या आठवड्यात आमच्याकडे रोवणी चालू होती. चिखलात वाकलेल्या माणसाला ना तो करार ठाऊक, ना ही बंदी.

मजा पुढे आहे. बंदी सगळ्यांना सारखी नव्हती. ऑगस्टच्या शेवटी भूतानला ७९ हजार टन, सिंगापूरला ५० हजार टन आणि मॉरिशसला १४ हजार टन तांदूळ द्यायला खास परवानगी मिळाली. कोण जवळचा आणि कोण लांबचा, हे तांदळाच्या टनांत मोजलेलं! मी तर म्हणेन, परराष्ट्र धोरण समजून घ्यायला यापेक्षा सोपा धडा नाही. २८ सप्टेंबर २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला किमान ४९० डॉलर भावाची अट घालून. २३ ऑक्टोबरला तीही अट गेली.

आता कुणी म्हणेल, धान तर आधारभूत किमतीने केंद्रावर विकलं जातं, मग निर्यातीशी शेतकऱ्याचा काय संबंध? केंद्रावर ठोकळ धान घालणाऱ्याचा थेट संबंध कमी, हे कबूल. २०२३-२४ला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता, तो बंदीमुळे कमी-जास्त झाला नाही. पण बारीक धान लावणारा मिलवाल्याच्या आणि व्यापाऱ्याच्या दारात उभा असतो, आणि व्यापाऱ्याचे कान बंदराकडे असतात. दोघांत फरक एवढाच की व्यापारी ती बातमी त्याच दिवशी वाचतो. शेतकऱ्याला ती दिवाळीनंतर कळते, भावाच्या रूपाने.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, पेपरात असं नाही विचारत न!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दारूबंदीचंही तेच. २०१०च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवायचं ठरवलं. तेव्हा कोरोनाची दुसरी लाट होती. वहीत त्या दिवशी आरोग्याखाली रुग्णसंख्या आणि लसी आहेत, दारू राजकीयमध्ये. बंदी असावी की नसावी यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, बंदीतही दारू मिळत होती हे दोन्ही पक्षांना माहीत आहे. असो. पण दारू ही आरोग्याची बातमी नव्हे, हे कुणी ठरवलं?

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते.

आरोग्याच्या बातमीत एक शब्द फार वेळा येतो, निर्मूलन. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचं राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन झाल्याचं गाठलं. म्हणजे काय? दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता, आकड्याची एक रेघ ओलांडली एवढाच होता. ही रेघही देशाच्या सरासरीची. चंद्रपूर-गडचिरोली त्यानंतरही वर्षानुवर्षं रेघेच्या वरच राहिले. ज्या जिल्ह्यात वरोऱ्याचं आनंदवन आहे, जिथे बाबा आमट्यांनी उभं आयुष्य या रोग्यांसाठी घातलं, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, असं वाटेल. पण सारांश ऐकणाऱ्याच्या कानात शब्द राहतो, व्याख्या राहत नाही. २०२२-२३ या एका वर्षात देशात एक लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडले, जगातल्या निम्म्याहून अधिक. हे त्या वर्षीच्या वहीत नाही. आकडा मोठा असला तरी त्या दिवशी काही 'घडलं' नव्हतं ना!

औषधाची गोष्ट तर अजून वेगळी. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्यांची पाकिटं २००० सालापासून नोव्हार्टिस कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत जगभर फुकट देते आहे. रुग्णाला एक पैसा पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्या संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला, तेव्हा ती नोंद अर्थातच परराष्ट्र धोरणात गेली. त्याने गोळ्या बंद होणार असं मी म्हणत नाही, देणगी कंपनीची आहे. पण ज्या संघटनेच्या हातातून त्या गोळ्या येतात तिचं काय होतं, हे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसून बघण्यासारखं आहे.

आमच्याकडे पूर्वी कामाला येणाऱ्या एक बाई आहेत. पाठीवर फिकट चट्टा होता, तिथे चिमटा काढला तरी कळत नसे. दुखत नाही म्हणून दोन वर्षं तशीच काढली. पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडायला लागलं. गावातल्या आशाताईने घरोघरच्या तपासणीत चट्टा पाहिला आणि जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तेव्हा बाई मला म्हणाल्या होत्या, "तो रोग तं गेला न आता, भाऊ? तसंच सांगतेत सारे."

बारा महिने गोळ्या झाल्या. रोग पूर्ण बरा झाला, दुसऱ्या कुणाला त्यांच्यापासून धोका नाही. पण ती दोन बोटं काही सरळ झाली नाहीत. दोन वर्षं आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बहुधा वाचली असती. यंदाही त्या रोवणीला गेल्या, परे डाव्या हाताने खोचतात. हात जरा सावकाश चालतो म्हणून गुत्त्याच्या टोळीत त्यांना घ्यायला बाकीच्या बायका कुरकुरतात.