ग्रॉसवर की नेटवर?

पगाराचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा ठरवलं, तर तो ग्रॉसवर काढायचा की नेटवर? हसू नका. असले प्रश्न लोक सीएला विचारतात, मी पहिल्या नोकरीत आमच्या पाळकसाहेबांना विचारला होता. समजा पगार ६० हजार, तर दहा टक्के म्हणजे सहा हजार. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस अशी कात्री लागून हातात ५१ हजार येत असतील, तर पाच हजार शंभर. मग मधल्या नऊशे रुपयांचं काय? पाळकसाहेब मिश्किल हसले आणि म्हणाले, "तुला आशीर्वाद कशावर हवाय, ग्रॉसवर की नेटवर?" हा चर्चमधला ठेवणीतला जोक आहे हे मला नंतर कळलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, याला दशमांश म्हणतात. शीख मंडळींच्या दसवंधसारखं, किंवा अडीच टक्क्यांच्या जकातीचं लांबचं भावंड म्हणा. बायबलच्या जुन्या करारात अब्राहामाने मलकीसदेक नावाच्या याजकाला लुटीचा दहावा हिस्सा दिला, तिथपासून ही गोष्ट सुरू होते. पुढे नियमशास्त्रात धान्य, द्राक्षारस, तेल, गुरंढोरं यांचा दहावा हिस्सा लेव्यांना द्यायचा असं आलं, कारण मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला स्वतःची जमीन नव्हती. थोडक्यात, ज्यांना सातबारा नाही त्यांच्या पोटापाण्याची ती सोय होती. पगारदारांचा विषयच नव्हता.

आणि एक गंमत, जी प्रवचनात फारशी ऐकू येत नाही. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात म्हटलंय की दशमांश घेऊन सहकुटुंब पवित्रस्थानी जा आणि तिथे तो देवासमोर बसून आनंदाने खा. वाट लांबची असेल तर मालाचे पैसे करून न्या आणि तिथे मन मानेल ते विकत घ्या, अगदी मद्यसुद्धा. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो हिस्सा गावातच ठेवायचा. लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. म्हणजे दशमांशात पार्टी होती, पगार होता आणि पेन्शनही होती. आता यातलं नेमकं काय आजच्या सॅलरी अकाउंटला लागू करायचं, यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. जगात नाही, तसं आमच्या घरातही नाही.

आमचं घर म्हणजे मिनी परिषदच आहे. माझं माहेर मुलुंडचं, मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, प्रॉटेस्टंट. सासर मरोळ गावठाणातलं, ईस्ट इंडियन कॅथलिक. तेही मराठीच बोलतात, पण सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलायला लागल्या की माझ्या आईला सबटायटल्स लागतात. आणि माझा सख्खा दादा पाच वर्षांपूर्वी घाटकोपरला एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या फेलोशिपमध्ये जायला लागला. गिटार, ड्रम्स, प्रोजेक्टरवर गाण्याचे शब्द, एसी. आईच्या चर्चमध्ये पंखा चालू करायचा तर आधी वॉर्डनकडे बघावं लागतं!

देण्याच्या पद्धतीही तीन. आई पेन्शन आली की दहावा हिस्सा आधी पाकिटात घालते. पाकीट कपाटात, साड्यांच्या खाली. मग किराणा, मग दूधवाला. सासूबाईंना (मी त्यांना मम्मी म्हणते) या टक्केवारीचं हसू येतं. कॅथलिक चर्चचा कायदा सांगतो की चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे, पण आकडा काही सांगत नाही. मिस्साच्या वेळी पिशवी फिरते, त्यात मम्मी जे काही टाकतात ते मूठ बंद ठेवूनच. "किती टाकलं ते शेजारच्या बाकावर कशाला कळायला पाहिजे?" दादाच्या इथे क्यूआर कोड आहे. आणि एक ठाम शिकवण आहे, की पूर्ण दशमांश एकाच ठिकाणी आला पाहिजे, जिथे तुम्हाला आत्मिक अन्न मिळतं तिथे.

या शिकवणीला आधार आहे मलाखी संदेष्ट्याचा. सगळा दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा, अशा अर्थाचं देवाचं वचन त्याच्या तिसऱ्या अध्यायात येतं. जगभरच्या नव्या चर्चेसमध्ये हे वचन सर्वांत जास्त वापरलं जात असावं, असा माझा आपला अंदाज. मला त्यात एक गोष्ट खटकते. मलाखीचं भांडार म्हणजे यरुशलेमच्या मंदिराचं धान्यकोठार. सगळ्या राष्ट्राचं मिळून ते एकच होतं. घाटकोपरच्या हॉलला ते नाव द्यायचं, तर मुलुंडच्या जुन्या चर्चला का नाही? आणि मरोळच्या? येशूने तर पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश काटेकोर मोजणाऱ्या परूश्यांना झापलं होतं, की न्याय, दया आणि विश्वास तेवढे बाजूला ठेवलेत. तेही करू नका असं तो म्हणाला नाही, हे दादा लगेच दाखवून देतो. मान्य. बायबल त्याचं माझ्यापेक्षा पाठ आहे.

मागच्या ईस्टरला जेवणाच्या टेबलावर हे सगळं फुटलं. आईच्या मंडळीने छपराच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढली होती. मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्चची सभासद माणसं. तरुण पोरं ठाण्याला, पुण्याला, नाहीतर दुबईला. उरलेत ते आईसारखे पेन्शनर. पावसाळ्यात वेदीच्या बाजूला बादली ठेवावी लागते आणि पाळकसाहेबांचा पगार कधीकधी महिना उलटून जातो. आई म्हणाली, "अरे, तू या चर्चचं लेकरू आहेस, छपराला काहीतरी दे." दादा म्हणाला, "आई, माझा दशमांश ऑलरेडी ठरलेला आहे. तो फोडता येत नाही." आईने वाटी खाली ठेवली. "मग माझ्या मयतीला कोण येणार आहे, तुझ्या हॉलमधले?"

टेबल गप्प. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये रात्रभर बसलेली माणसं याच मंडळीतली होती. हे दादालाही ठाऊक आहे. पण दादाचंही एक ऐकून घ्या. त्याची नोकरी गेली तेव्हा त्याचे तीन ईएमआय त्या फेलोशिपमधल्या लोकांनी भरले. कुणी व्याज मागितलं नाही, कुणी बोलूनही दाखवलं नाही. तो त्यांना दहा टक्के देतो ते धमकीला घाबरून नाही. त्याच्यासाठी ती त्याची माणसं आहेत. म्हणूनच हे भांडण सोपं नाही.

आम्ही तिघं तीन ठिकाणी आहोत ते तरी धर्मशास्त्र वाचून का? छे! माझे पणजोबा अमेरिकन पद्धतीचे प्रॉटेस्टंट झाले, कारण त्यांच्या गावात अमेरिकन मराठी मिशन पोचलं होतं. ही मंडळी १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ पासून नगरला काम करू लागली. कोल्हापूरकडे जन्मले असते तर पणजोबा प्रेसबिटेरियन झाले असते, नागपूरकडे जन्मले असते तर स्कॉटिश चर्चचे. मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते, सेल्स टेरिटरी असते ना, साधारण तशी. कॅथलिकांचंही काही फार वेगळं नव्हतं. मुंबईत १७९४ पासून त्यांच्यात दोन सत्ता होत्या, एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाची आणि दुसरी थेट रोमच्या नेमणुकीची. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज पहिल्या बाजूचं, सेंट पीटर्स दुसऱ्या. बुधवारच्या नोव्हेनासाठी आज सर्व धर्मांचे लोक ज्या माहीमच्या सेंट मायकलमध्ये रांग लावतात, तिथे १८५३ मध्ये बिशप हार्टमन स्वतः आत ठाण मांडून बसले होते. बाहेरून वेढा कुणाचा? तर विरुद्ध बाजूच्या कॅथलिकांचा! जेवणखाणही आत जाऊ देईनात. शेवटी सरकारने मध्ये पडून तो वेढा मिटवला. वाद श्रद्धेचा नव्हता. चर्च आणि त्याची मालमत्ता कुणाच्या ताब्यात, हा होता. ही दुहेरी व्यवस्था संपायला १९२८ उजाडलं.

प्रॉटेस्टंटांनी एक मोठी उडी मारली ती २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरमध्ये. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आईचं चर्च त्यातलंच. पण अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले, ते आजही वेगळे आहेत. एकत्र आलेल्यांचंही सगळं गोड झालं असं नाही. जुन्या मिशनांच्या जमिनी आणि बंगले कुणाचे, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. प्रार्थना एकत्र म्हणणं तुलनेने सोपं असतं हो. चेकवर सही कुणाची, तिथे खरी परीक्षा.

हे सगळं आमच्या नारायण वामन टिळकांनी फार आधी ओळखलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, म्हणजे ठरलेला पगारही सोडला, आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराला फारसा वेळ मिळालाच नाही. पण परक्या पैशावर उभं राहिलेलं चर्च इथल्या मातीचं कसं होणार, हा त्यांचा सवाल मला आजही लागू वाटतो. दशमांशाच्या बाजूने मी बोलते ती याचसाठी. आपलं छप्पर आपण घालायचं.

जर्मनीत यावर सरकारी उपाय आहे. तिथे नोंदणीकृत ख्रिस्ती माणसाच्या इन्कम टॅक्सवर राज्यानुसार आठ किंवा नऊ टक्के चर्च टॅक्स लागतो आणि तो पगारातूनच कापला जातो. नको असेल तर सरकारदरबारी जाऊन चर्च सोडल्याची नोंद करायची. ना पाकीट, ना क्यूआर कोड, ना ईस्टरचं भांडण. छे, मला नको. आपल्याकडे उलट. दशमांशावर सहसा टॅक्सची सूट मिळत नाही, कारण फक्त एका धर्मसमाजासाठी चालणाऱ्या ट्रस्टला दिलेली देणगी त्यात बसत नाही. पण चर्चचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर ऑडिट केलेले हिशेब चॅरिटी कमिशनरकडे द्यावे लागतात. तुमच्याकडे जे कुणी दहा टक्के मागत असतील, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, त्यांना तो हिशेब बेधडक मागा. आईच्या चर्चमध्ये तो वार्षिक सभेत वाचून दाखवतात, मेणबत्त्यांच्या खर्चासकट. दादाला मी तेवढंच विचारलं होतं. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

मम्मींचा मार्ग तिसराच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा असतो. नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. दहावा हिस्सा नाही, पहिला हिस्सा. आता मरोळला शेतं कुठली? एमआयडीसी आली, सीप्झ आलं. ज्या सीप्झमध्ये मी लॅपटॉप उघडून बसते, त्याच आवारात १५७९ चं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पडक्या अवस्थेत उभं आहे. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे गाव हललं आणि चर्च सुटलं. मम्मींकडे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, पण आणतात. "शेत नाही म्हणून देवाला रिकाम्या हाताने भेटायचं का?"

नव्या करारात पौल दशमांशावर फार बोलत नाही. तो वर्गणी गोळा करत फिरतो. मासेदोनिया आणि अखया इथल्या, यहुदी नसलेल्या मंडळ्यांकडून, यरुशलेमच्या गरीब यहुदी ख्रिस्ती लोकांसाठी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे थोडं बाजूला ठेवा, असं तो करिंथकरांना कळवतो. या दोन गटांचं एकमेकांत जेवणावरून, सुंतेवरून जमत नव्हतं, हे लक्षात घ्या. आणि रोमकरांच्या पत्रात त्याला काळजी कसली, तर ते पैसे यरुशलेमची माणसं गोड मानून घेतील ना, याची. घेणाऱ्याने घेतलं तरच आपण एक, असा हिशेब असावा. देणाऱ्याच्या टक्क्यांवर आम्ही इतकं भांडलो, पण या बाजूने घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

नवऱ्याने आणि मी सध्या आमचा हिस्सा दोन पाकिटांत घालायला सुरुवात केली आहे, मरोळ आणि मुलुंड. दादाच्या मते हे शास्त्राला धरून नाही. गेल्या महिन्यात मम्मींनी न बोलता माझ्या हातात तिसरं पाकीट ठेवलं, आईच्या चर्चच्या छपरासाठी. कॅथलिक घरातले पैसे प्रॉटेस्टंट छपराला! आईने ते आधी दोन दिवस कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली, स्वतःच्या दशमांशाच्या शेजारी. मग रविवारी नेऊन दिलं. आता खजिनदार काकांपुढे एकच अडचण आहे. पावती पुस्तकात सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, तिथे काय लिहायचं?