विषय क्रमांक सात : मान्यता देणे

परवा भाचा आला होता. बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे पैशाचं काही अडलं की आम्ही घरातले सगळे त्यालाच विचारतो. जेवताना मी सहज म्हटलं, "अरे, रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली म्हणून पेपरात मधूनमधून चार ओळी येतात. जागतिक आणि देशांतर्गत आर्थिक परिस्थितीचा आढावा घेतला, अमुक अमुक उपस्थित होते, संपलं. त्या बैठकीत नेमकं होतं काय?"

"आत्या, ते सगळं रुटीन असतं. तू आमटी वाढ."

आमटी वाढली. पण 'रुटीन' हा शब्द काही घशाखाली उतरला नाही. या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, आणि त्यात चूक माझी स्वतःची आहे. आज तेच लिहायचं ठरवलंय.

नव्वदच्या दशकात मी आमच्या शिक्षकांच्या पतपेढीवर संचालक होते. महिला प्रतिनिधी हवी होती आणि मी नाही म्हणायला शिकले नव्हते, एवढीच माझी पात्रता. मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई मी, मला ताळेबंदातलं काय कळणार? महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर सभा. चहा, बिस्किटं, पंचवीस रुपये भत्ता. विषय पहिला, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्च, नवे सभासद, राजीनामे. आणि विषय क्रमांक सात, 'शिल्लक निधीच्या गुंतवणुकीस मान्यता देणे'. तोवर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे लागलेलं असायचं. चिटणीस एक यादी भराभर वाचायचे, आम्ही माना डोलवायचो.

त्या यादीतली एक संस्था पुढे बुडाली. आमचे पैसे तिथे अडकले आणि सभासदांच्या ठेवी आमच्याकडे अडकल्या. शाळेतून निवृत्त झालेला एक शिपाई माझ्या दारात आला. फंडाची सगळी रक्कम त्यानं आमच्याकडे ठेवली होती. तो भांडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही तिथं होता ना?"

दुसऱ्या दिवशी जाऊन मी प्रोसिडिंग बुक उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' अनुमोदक म्हणून माझं नाव! चर्चा झालीच नव्हती. ते बुक कपाटात कुलपात असायचं. तेच दर महिन्याला शिक्षक खोलीतल्या फळ्याशेजारी लावलं असतं, तर मी सही करण्यापूर्वी एक तरी प्रश्न विचारला असता. धीट झाले असते म्हणून नव्हे हो, मधल्या सुट्टीत मला कोणी विचारलं तर काय सांगू, या धास्तीनं!

त्या शिपायाचे पैसे तुकड्यातुकड्यानं, काही वर्षांनी मिळाले. तोपर्यंत मुलीच्या लग्नासाठी त्यानं सावकाराचं कर्ज काढलं होतं.

असो. आता त्या मोठ्या मंडळाकडे वळू.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, १९३४ च्या कायद्यानं. या कायद्याप्रमाणे बँकेच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचं काम केंद्रीय संचालक मंडळाकडे आहे. मंडळात गव्हर्नर, जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर, मुंबई-कोलकाता-चेन्नई-दिल्ली या चार स्थानिक मंडळांतून एकेक, सरकारनं नेमलेले आणखी दहा, आणि दोन सरकारी अधिकारी. वर्षाला किमान सहा बैठका, तीन महिन्यांत किमान एक.

यात एक गंमत आहे. डेप्युटी गव्हर्नर आणि सरकारी अधिकारी चर्चेत भाग घेऊ शकतात, पण त्यांना मत नाही. (गव्हर्नर गैरहजर असले तर त्यांनी लेखी अधिकार दिलेला डेप्युटी त्यांच्या वतीनं मत देतो, तेवढाच अपवाद.) म्हणजे गव्हर्नर सोडले तर मत कोणाला? बाहेरून आलेल्या मंडळींना! उद्योगपती, अर्थतज्ज्ञ, समाजकार्यातली माणसं, म्हणजे आपले पंच. आणि हे पंच आत काय बोलतात, ते आपल्याला बरीच वर्षं कळत नव्हतं. बँकेच्या वार्षिक अहवालात कोण किती बैठकांना हजर होतं याचा तक्ता असतो. हजेरीपट मिळायचा, उत्तरपत्रिका मिळत नव्हती.

भाचा म्हणेल, रुटीन बैठकांच्या उत्तरपत्रिका घेऊन तू काय करणार? तर दोन उदाहरणं देते.

पहिलं ८ नोव्हेंबर २०१६ चं. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता दिल्लीत मंडळाची ५६१ वी बैठक झाली. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर केलं. देशातल्या चलनाच्या मूल्यापैकी ८६ टक्के हिस्सा त्या नोटांचा होता. दुसऱ्या आठवड्यात मीही डाळीच्या डब्यातल्या नोटा घेऊन रांगेत उभी होते. तेव्हा वाटत होतं, एवढ्या मोठ्या लोकांनी विचार केला असेल, तर काहीतरी असेलच.

त्या बैठकीचं इतिवृत्त लोकांच्या हाती आलं मार्च २०१९ मध्ये, तेही माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर. त्यात काय होतं? काळा पैसा बहुतेक रोकडीत नसतो, सोन्यात आणि जागा-जमिनीत असतो, आणि या उपायाचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही, असं मंडळानं नोंदवलं होतं. बनावट नोटांची ४०० कोटींची रक्कम एकूण चलनाच्या मानानं फार मोठी नाही, असंही. चालू वर्षाच्या विकासदराला अल्पकाळ फटका बसेल, असंही. आणि एवढं सगळं नोंदवून ठराव मंजूर!

हा ठराव बरोबर होता की चूक, हे ठरवायला मी बसलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा मतानं ती प्रक्रिया वैध ठरवली. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती नागरत्ना यांना मात्र रिझर्व्ह बँकेनं यात स्वतंत्र विचार केल्याचं दिसलं नाही. माझा मुद्दा साधा आहे. मंडळाच्या शंका खऱ्या होत्या. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त परत आल्या, हे २०१८ साली बँकेच्याच अहवालात छापून आलं. मग त्या शंका रांगेतल्या माणसाला दोन वर्षांहून जास्त काळ का कळू नयेत? आधी सांगता येणार नव्हतं, गुप्तता हवी होती, हे मान्य. पण नंतर? जानेवारीत काय अडचण होती?

दुसरं उदाहरण तर अगदीच रुटीन. दर मे महिन्यात मंडळ ठरवतं की बँकेच्या नफ्यातून सरकारला किती द्यायचं. कायद्याचं ४७ वं कलम सांगतं की आवश्यक तरतुदी करून उरलेला नफा सरकारला द्यायचा. खरी गोम त्या 'आवश्यक तरतुदी' या शब्दांत आहे. अडीअडचणीसाठी किती बाजूला काढायचं? घरात बायका ठरवतात तसंच हे. पगार आला, आजारपणाला किती ठेवायचे, यजमानांच्या हातात किती द्यायचे!

२०२२-२३ साठी सरकारला ८७,४१६ कोटी रुपये गेले. २०२३-२४ साठी २,१०,८७४ कोटी. २०२४-२५ साठी २,६८,५९० कोटी. जोखमीसाठी ठेवायची गंगाजळी २०२४ मध्ये ताळेबंदाच्या साडेसहा टक्के होती, ती २०२५ मध्ये साडेसात टक्के केली. मला स्वतःला हे शहाणपणाचं वाटलं, सांगून टाकते. पण मार्च २०२५ चा ताळेबंद ७६ लाख कोटींच्या आसपास होता. म्हणजे इकडचा एक टक्का तिकडे झाला की सुमारे ७६ हजार कोटी रुपये इकडचे तिकडे होतात. हा आहे तुमचा रुटीन विषय क्रमांक सात! निर्णय छापून येतो, टक्केवारीही येते. पण कोणी जास्त ठेवा म्हटलं, कोणी कमी, आणि का, ते येत नाही.

यावर लोक म्हणतात, मध्यवर्ती बँकेची चर्चा चव्हाट्यावर आणली तर बाजार बिथरेल. मग पतधोरण समितीचं काय? त्याच बँकेतली, व्याजदर ठरवणारी सहा जणांची समिती. २०१६ पासून कायद्यानंच तिला बंधन आहे की बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करायचं, प्रत्येकानं कसं मत दिलं आणि का दिलं, सगळं नावानिशी. व्याजदरापेक्षा बाजाराला नाजूक दुसरं काय असतं? तरी आकाश कोसळलेलं नाही. उलट कोण सदस्य कोणत्या बाजूनं विचार करतो, हे कॉलेजातली पोरंसुद्धा वाचतात. आणि १६९४ साली स्थापन झालेली बँक ऑफ इंग्लंड आपल्या संचालक मंडळाचं इतिवृत्त स्वतः प्रसिद्ध करते. ज्यांनी आपल्याला गुप्ततेची सवय लावली, त्यांनीच ती सोडली!

दुसरा आक्षेप असा की सगळं छापायचं म्हटलं तर माणसं मोकळेपणानं बोलणार नाहीत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण अशी माणसं मी पाहिली आहेत. पण मी बंद दाराआडचा मोकळेपणाही पाहिला आहे. आमच्या पतपेढीत दार बंदच होतं. मोकळेपणानं काय झालं? चहा झाला.

आणखी एक गोष्ट. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. त्याआधी ती भागधारकांची होती, शंभर रुपयांचा एक भाग. त्या भागधारकांची दर वर्षी सर्वसाधारण सभा व्हायची, तिथे हिशेबावर चर्चा करण्याचा त्यांना हक्क होता. आता मालक आपण सगळे, आणि सभा नाही! शंभर रुपयेवाल्याला जो प्रश्न विचारता येत होता, तो देशाच्या नागरिकाला अर्ज करून विचारावा लागतो.

मी काही अवघड मागत नाहीये. बैठकीनंतर सहा आठवड्यांनी इतिवृत्त प्रसिद्ध करा. एखाद्या बँकेची प्रकृती नाजूक असेल तर तिचं नाव खोडा, पण खोडलंय हे दिसू द्या. ठरावाला कोण अनुकूल, कोण प्रतिकूल, ते लिहा. खरोखर गुप्त असेल ते पाच वर्षांनी द्या. सगळं रुटीनच असेल तर लपवण्यासारखं काही नाही, आणि लपवण्यासारखं असेल तर ते रुटीन नाही. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा.

भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, तू संचालक असतीस तर तिथे काय बोलली असतीस?"

खरं सांगू? बहुधा काहीच नाही. मान डोलावली असती. म्हणूनच तर म्हणते, ते पुस्तक कपाटातून बाहेर काढा. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला तोंड फुटायचं असेल, तर उद्या दारात कोणीतरी येऊन "तुम्ही तिथं होता ना?" असं विचारील, ही धास्ती आधीपासून असावी लागते. पैसे गेल्यावर ती येऊन काय उपयोग?