‘निर्दयी माता’ म्हणण्याआधी

कचराकुंडीजवळ, देवळाच्या पायरीवर किंवा रेल्वेच्या डब्यात नवजात अर्भक सापडले, की बातमीचा मथळा ठरलेला असतो : ‘निर्दयी माता’. पोलीस आईचा शोध घेतात. बापाचा शोध क्वचितच होतो. आणि नऊ महिने ही बाई आरोग्य यंत्रणेच्या नजरेतून कशी सुटली, हे तर कोणी विचारतच नाही.

बाळ टाकण्यामागे निर्दयतेपेक्षा भीतीच अधिक असते. लग्नाआधी राहिलेला गर्भ, अत्याचार, नवऱ्याने सोडून देणे, पाठोपाठच्या मुली, रिकामा हात. त्यात भर पडते प्रसूतीनंतरच्या नैराश्याची. बाळंतपणानंतर काही दिवस येणारे रडू आपोआप ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, बाळाबद्दल काही वाटत नसेल, जगणे नकोसे झाले असेल, तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत दर पाच बाळंतिणींपैकी साधारण एकीला मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठते. त्याची शंका घ्यायला यंत्र लागत नाही. १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशा सेविका ४२ दिवसांत सहा वेळा जाते. बाळाचे वजन, ताप, स्तनपान पाहते. याच भेटींत ‘ताई, तुला कसं वाटतंय?’ हेही विचारले गेले पाहिजे. अर्थात आधीच कामाखाली वाकलेल्या आशांना त्यासाठी प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यायला हवा.

कायद्यानेही वाट ठेवलेली आहे. बाळाला उघड्यावर टाकणे हा भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. परंतु २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार, सांभाळणे अशक्य असलेली आई बाळाला बालकल्याण समितीकडे रीतसर स्वाधीन करू शकते. फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. किती बायकांना हे ठाऊक आहे?

अशी सोय सांगितली तर जबाबदारी झटकणारे वाढतील, असा आक्षेप घेतला जातो. पण सोय माहीत नसेल तर बाळ आईपाशी राहतेच असे नाही. ते उकिरड्यावरही जाते. शिवाय स्वाधीन करणे हा शेवटचा उपाय. त्याआधीच्या दोन महिन्यांत निवारा, समुपदेशन आणि पैशांचा आधार मिळाला, तर अनेक आया बाळ परत नेतील. मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती या आईपर्यंत वेळेत पोहोचायला हवी.

पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते त्यांनीच ठरवावे, असे त्यांचे सांगणे होते. आज प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर तेवढाच साधा मजकूर आणि १०९८ हा मदत क्रमांक लावायला फार खर्च येणार नाही.